गव्हर्नरच्या तीन वह्या



मागल्या रविवारी अभ्यासवर्गात आमची चांगलीच जुंपली. विषय होता ह्यूई लाँग. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा 1928 ते 1932 या काळातला गव्हर्नर. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि मुख्यमंत्र्यासारखा कारभार हाकतो. माझ्याच खात्यातला एक जोडीदार म्हणाला, "आपल्याला असा माणूस पाहिजे." मी रात्रपाळी करून आलो होतो, डोळे मिटत होते. तरी गप्प बसवलं नाही.

जोडीदार खोटं बोलत नव्हता. कराची वही उघडा. लाँगने तेल, वायू, लाकूड ओरबाडून नेणाऱ्यांवरचा कर वाढवला आणि त्या पैशातून शाळेतल्या पोरांना फुकट पुस्तकं दिली. काळ्या पोरांनाही दिली. 1929 साली तो शुद्ध केलेल्या तेलावर पिंपामागे 5 सेंट कर लावायला निघाला. हा घाव स्टँडर्ड ऑईल कंपनीवर होता. लगेच त्याच्यावर महाभियोग आला. पण 39 पैकी 15 सिनेटरांनी लेखी दिलं की आम्ही याला दोषी ठरवणार नाही. दोन तृतीयांश मतं जमणं शक्य नव्हतं, खटला बारगळला. हा कर शेवटी 1934 साली बसला, आणि लगेच 1935 साली कंपनीशी तडजोड करून बराचसा सोडून दिला. हेही त्याच वहीत लिहिलेलं आहे.

आता खर्चाची वही. तो आला तेव्हा राज्यात पक्के रस्ते 300 मैलांच्या आसपास होते. त्याने कर्ज काढलं, पेट्रोलवरचा कर वाढवला, हजारो मैल रस्ते केले, पूल बांधले. निरक्षर प्रौढांसाठी वर्ग काढले, त्यात काळेही शिकले. पण सरकारी नोकराच्या पगारातून त्याच्या गटासाठी पैसे कापले जायचे. नोकरी टिकवायची तर पैसे टाक! ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको.

तिसरी वही मताची. ती मी उघडली तेव्हा वर्ग शांत झाला.

लुइझियानात 1896 साली 1,30,334 काळे मतदार नोंदलेले होते. 1898 साली गोऱ्यांनी नवी राज्यघटना केली. 1904 साली उरले 1,342. मत द्यायला वर्षाला 1 डॉलर कर होता. 1934 साली, लाँग सिनेटर होऊन दुरून राज्य चालवत होता तेव्हा, हा कर रद्द झाला. गरीब गोरे रांगा लावून मतदार झाले. काळ्यांचं काय? त्यांच्यासाठी राज्यघटनेचा अर्थ सांगण्याची परीक्षा तशीच राहिली. डेमोक्रॅटिक पक्षाची आतली निवडणूक, जिथे सगळा निकाल लागायचा, ती फक्त गोऱ्यांची राहिली. 1935 साली लाँगचा खून झाला. 1940 साली अख्ख्या राज्यात नोंदलेले काळे मतदार होते 886.

जोडीदार म्हणाला, "त्याने काळ्यांच्या मताचं नाव काढलं असतं तर गोऱ्यांनी खुर्ची ओढली असती."

मी म्हणालो, "तेच तर सांगतोय. ज्याच्या हातात मत नाही त्याच्यासाठी कुणी खुर्ची पणाला लावत नाही. पुस्तक मिळालं, ते त्याच्या मर्जीने मिळालं. उद्या मर्जी फिरली तर कुठल्या जोरावर मागणार?"

बाबासाहेबांना हे आधीच कळलं होतं. 1927 साली महाडला पाण्याला हात घातला आणि 1928 साली, लाँग गादीवर आला त्याच साली, सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढाला मत मागितलं. तेव्हा मुंबई इलाख्यात मत होतं ते जमीन, घर, कर असलेल्यांना. आपल्या आज्याला कुठलं?

म्हणून सांगतो. निवडणुकीत कुणी नळ दाखवेल, कुणी गटारावरचं काँक्रीट दाखवेल. घ्या, तो आपलाच पैसा आहे. पण तिन्ही वह्या मागा. कर कुणाकडून घेतला? खर्च कुणावर केला? आणि वस्तीतली किती नावं मतदारयादीतून गळाली? तिसरी वही कुणी आणून देणार नाही. ती आपणच घरोघर फिरून लिहायची आहे.

जोडीदार अजून पुरता पटलेला नाही. पण येत्या रविवारी यादी घेऊन तो माझ्याबरोबर चाळीत फिरणार आहे.

जय भीम!