संकल्पचित्राचा तुकडा : अनुरेखनापासून ई-मेलपर्यंत
(गोसीखुर्द प्रकल्पाच्या कालखंडाच्या संदर्भात)

प्रस्तावना

धरणांचा इतिहास बहुधा खर्च, विलंब, विस्थापन आणि सिंचित क्षेत्र या अंगांनी लिहिला जातो. ज्या कागदावर धरण आधी उभे राहते त्या कागदाचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला आहे. संकल्पचित्र तयार होते एका गावी आणि त्यानुसार काम होते शेकडो किलोमीटर दूर दुसऱ्या गावी. मधल्या प्रवासात सबंध चित्र क्वचितच लागते. बांधकामावरील शाखा अभियंत्याला एखाद्या खांबाचा काटछेद हवा असतो, कालव्याच्या ठेकेदाराला एका साखळी क्रमांकापासून दुसऱ्यापर्यंतचा लांबछेद हवा असतो, भूसंपादन अधिकाऱ्याला एका गावापुरती बुडिताची रेषा पुरते. म्हणजे प्रश्न चित्र पाठविण्याचा नसून चित्राचा भाग पाठविण्याचा आहे. हा भाग वेगळा कसा काढला गेला, किती वेगाने गेला आणि तो वेगळा होताना मूळ चित्राचे काय त्याच्यासोबत गेले नाही, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

यासाठी गोसीखुर्द प्रकल्पाचा कालखंड विशेष उपयुक्त ठरतो. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात गोसीखुर्द गावाजवळ वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या या प्रकल्पास १९८३ मध्ये ३७२.२२ कोटी रुपयांची प्रशासकीय मान्यता मिळाली. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले, २००९ मध्ये प्रकल्पास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि २०१६ पर्यंत सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या पुढे गेली. मान्यता मिळाली तेव्हा संगणकावरील आरेखनाचे आज सर्वपरिचित असलेले ऑटोकॅड बाजारात येऊन काही महिनेच झाले होते (डिसेंबर १९८२) आणि भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळण्यास एक तप बाकी होते. इतका लांबलेला प्रकल्प प्रशासनाला भूषणावह नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात आरेखनाची तीन युगे एकाच कामाच्या अंगावर एकापाठोपाठ एक पडलेली दिसतात.

अनुरेखक आणि अमोनिया प्रिंट

महाराष्ट्रातील मोठ्या धरणांच्या संकल्पनाचे काम नाशिक येथील मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेकडे असते. नाशिक आणि वैनगंगेचा काठ यांच्यामध्ये जवळजवळ सबंध महाराष्ट्र पसरलेला आहे. नागपूर ते नाशिक हा रेल्वेचा एका रात्रीचा प्रवास, पुढे नागपूरहून पवनीकडे रस्त्याने आणखी काही तास. चित्राची गुंडाळी टपालाने किंवा विशेष दूताबरोबर जात असे आणि आवक-जावक नोंदवहीत तिची नोंद होत असे. शंका निघाली की तीच वाट उलट दिशेने.

त्या व्यवस्थेत चित्राचा भाग काढण्याचे काम अनुरेखकाचे होते. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांत आरेखकाच्या खालोखाल अनुरेखक हे स्वतंत्र पदच होते. मूळ चित्रावर पारदर्शक कागद किंवा खळ दिलेले तलम कापड अंथरून शाईने रेघ गिरवावयाची, आणि सबंध चित्र नको असेल तर हवा तेवढाच भाग गिरवावयाचा. काम संथ होते, पण त्यात एक गोष्ट आपोआप साधली जाई. गिरवणारा माणूस शीर्षकाची चौकट, मापनप्रमाण, उत्तर दिशेचा बाण आणि चित्रक्रमांक तुकड्यावर पुन्हा लिहीत असे, वरिष्ठ त्यावर सही करीत आणि मगच तो तुकडा कार्यालयाबाहेर पडे. थोडक्यात, तुकडा हे स्वतःच एक नवे, लहान पण पूर्ण चित्र असे.

गिरवलेल्या कागदावरून प्रती काढण्याच्या दोन पद्धती होत्या. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या लोहक्षारांच्या प्रक्रियेतून निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांचा ब्लू प्रिंट निघे. ही प्रत पाण्यात धुवावी लागे, धुतलेला कागद वाळताना आकसे आणि त्यामुळे चित्रावर पट्टी ठेवून माप काढले तर ते चुके. लिहिलेले माप प्रमाण मानावे, मोजलेले नव्हे, हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आजही पढविला जाणारा नियम या ओल्या कागदाच्या काळात विशेष अर्थपूर्ण होता. पुढे विसाव्या शतकात कोरड्या पद्धतीचा अमोनिया प्रिंट आला. त्यात कागद धुवावा लागत नसे, पांढऱ्यावर गडद रेघा उमटत आणि छपाईच्या खोलीत नाकाला झोंबणारा वास भरून राही. अमोनिया प्रिंटचा दोष वेगळाच होता. उन्हात तो फिका पडे. बांधकामाच्या जागी भिंतीवर टांगलेली प्रत काही महिन्यांत वाचेनाशी होई, आणि म्हणून नव्या प्रती मागवाव्या लागत. एका अर्थी हे बरेही होते, कारण जुनी, रद्द झालेली चित्रे आपोआप मावळत.

चित्राच्या उजव्या तळकोपऱ्यातील शीर्षकाच्या चौकटीविषयी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. चित्राची घडी अशी घालावयाची की ही चौकट वर यावी, असा भारतीय मानकांचाही संकेत आहे. या चौकटीत चित्रक्रमांक, मापनप्रमाण, दिनांक, सुधारणा क्रमांक आणि सह्या असतात. रेघा धरण कसे बांधावे हे सांगतात, तर चौकट हे कोणी, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने सांगितले ते सांगते. चित्राचा तुकडा झपाट्याने काढण्याच्या पुढील प्रत्येक युक्तीत प्रथम बळी पडली ती ही चौकट.

दूरध्वनीच्या तारेवरून

फॅक्सचे मूळ अलेक्झांडर बेन यांच्या १८४३ च्या एकस्वाइतके जुने असले तरी कार्यालयांत तो रुळला तो १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक निश्चित झाल्यानंतरच. फॅक्सयंत्राला ए-४ रुंदीचा कागद लागतो. ए-१ आकाराच्या चित्रात असे आठ कागद मावतात, ए-० मध्ये सोळा. त्यामुळे तुकडा किती मोठा असावा हे प्रथमच अभियंत्याने नव्हे, यंत्राने ठरविले. सळ्यांच्या मांडणीतील बारीक रेघा तुटत, तीन आणि आठ यांतील भेद पुसट होई, आणि उष्णतेवर छापणाऱ्या यंत्राचा गुळगुळीत कागद अमोनिया प्रिंटपेक्षाही लवकर फिका पडे. तरीही एका रात्रीच्या प्रवासाची जागा काही मिनिटांनी घेतली होती, आणि काँक्रीट ओतण्याचे काम खोळंबलेले असताना हा फरक लहान नव्हता.

फाईल, दुवा आणि जोडपत्र

संगणकावरील आरेखनाने तुकड्याची कल्पनाच बदलली. चित्र आता थरांत विभागलेले होते. मातीकामाचा एक थर, काँक्रीटचा दुसरा, मापांचा तिसरा. हवा तो भाग निवडून तो स्वतंत्र फाईल म्हणून लिहून काढण्याची आज्ञा ऑटोकॅडमध्ये होती. अनुरेखकाचे दिवसभराचे काम काही क्षणांवर आले. शिवाय तुकड्यातील रेघा खऱ्या मापाच्याच राहत, कागद आकसण्याचा प्रश्नच उरला नाही.

मात्र ही फाईल दुसऱ्या गावी पोहोचणे ही निराळी बाब होती. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये जाळ्यावरून पहिला ई-मेल पाठविला, पण पत्राला फाईल जोडण्याची सर्वमान्य पद्धत १९९२ मध्ये ठरली. भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे उपग्रहाधारित जाळे जिल्ह्यांपर्यंत पोहोचत होते आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. जोडपत्राची फाईल ई-मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात सांकेतिक केली जाते आणि त्यात ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे दोन मेगाबाईटचे चित्र तारेवर पावणेतीन मेगाबाईटच्या आसपास होई. सेकंदाला २८.८ किलोबिट या आदर्श वेगानेसुद्धा त्यास बारा मिनिटे लागत, आणि ग्रामीण दूरध्वनीवर आदर्श वेग मिळत नसे. मध्येच तार तुटली की पुन्हा पहिल्यापासून. चित्राचा भागच पाठवावा ही सवय या काळात सोय राहिली नाही, गरज झाली.

त्यातून ज्या युक्त्या रूढ झाल्या त्यांची प्रतवारी करावयाची तर कसोटी वेगाची नव्हे, तुकड्याबरोबर मूळ चित्राचे किती टिकून राहिले याची असावी. निवडलेला भाग वेगळ्या फाईलमध्ये लिहून, त्यातील न वापरलेले घटक काढून टाकून आणि फाईल झिप करून पाठविणे ही सर्वांत प्रामाणिक पद्धत म्हणता येईल. मापे अचूक राहतात आणि पलीकडील अभियंता त्यावर पुढे काम करू शकतो. पण १९९० च्या दशकात चित्रे परस्परांना दुव्यांनी जोडली जाऊ लागली. सांडव्याच्या चित्रात पायाचे चित्र नुसते दाखविलेले असे, साठविलेले नसे. अशा चित्राची एकच फाईल पाठविली की पलीकडे पायाच नाहीसा होई. पुढे सर्व जोडलेल्या फाईली आणि अक्षरवळणे एका गठ्ठ्यात बांधणारी सोय आली. मराठी टिपांचा प्रश्न तरीही उरला. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाचा मराठी फाँट वेगळा असे, आणि तो पलीकडच्या संगणकावर नसला तर ‘पूर्ण संचय पातळी’ या शब्दांच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका दिसे. तांत्रिक टिपा इंग्रजीत लिहिण्याची प्रथा टिकून राहण्यामागे इतर कारणांबरोबर ही अडचणही असावी.

दुसरी पद्धत हव्या त्या चौकोनापुरते चित्र ‘छापून’ त्याची पीडीएफ करण्याची. १९९३ मध्ये आलेला हा प्रकार २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. ऑटोडेस्कने याच हेतूने स्वतःचा हलका, केवळ पाहण्याजोगा प्रकारही काढला होता, पण पाहण्याचे साधन सर्वत्र उपलब्ध असल्याने पीडीएफ टिकली. चित्रातील रेघा तिच्यात रेघाच राहतात, कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. प्रमाण लिहिले असेल आणि छापताना कागदाच्या आकाराला जुळविण्याचा पर्याय निवडला नसेल, तर मापही टिकते.

तिसरी आणि सर्वांत झटपट पद्धत म्हणजे पडद्याचे चित्र टिपून पत्रात चिकटविणे. ही जेपीईजी स्वरूपात पाठविली तर छायाचित्रासाठी घडविलेले ते संपीडन बारीक रेघांभोवती धूसर डाग पाडते. त्यापेक्षा १९९६ चा पीएनजी प्रकार रेघांना मानवतो. परंतु खरा दोष धूसरपणाचा नाही. टिपलेल्या चौकोनात शीर्षकाची चौकट जवळजवळ कधीच येत नाही. सुधारणा क्रमांक तिसरा की पाचवा हे त्यावरून कळत नाही, आणि अमोनिया प्रिंटप्रमाणे तो उन्हात फिकाही पडत नाही. रद्द झालेला काटछेद वर्षानुवर्षे ताज्या चित्राइतकाच ठसठशीत दिसत राहतो. भ्रमणध्वनीवरील संदेशसेवांनी हीच पद्धत आणखी सोपी केली आहे. सुमारे ९९ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा, सुमारे २३ किलोमीटरचा डावा कालवा आणि टेकेपार, आंभोरा, मोखाबर्डी, नेरला यांसारख्या उपसा योजना असलेल्या प्रकल्पात एकाच वेळी किती ठिकाणी किती तुकडे फिरू शकतात याची कल्पना करणे कठीण नाही.

बुडिताची रेषा कोणी पाहावी

येथवर तुकडा अभियंत्याकडून अभियंत्याकडे जात होता. गोसीखुर्दमध्ये तो आणखी एका वाचकाला हवा होता. जलाशयाची पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर. या पातळीची समोच्च रेषा नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील गावांतून जेथे जाते तेथे घर, शेत आणि गावठाण यांचे भवितव्य ठरते. धरणाच्या चित्रांतील ही एकच रेघ अशी आहे जिचा अर्थ शेतकऱ्याला अभियंत्याहून अधिक तातडीने कळावा लागतो.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनीचा नकाशा तयार झाला असल्यास तो कोठे पाहता येईल हे अधिघोषणेत नमूद करण्यास सांगितले होते. नकाशा पाहण्याची मुभा होती, पण जावे लागे नकाशाकडे. नकाशा गावाकडे येत नसे. त्यातही दोन नकाशांचा मेळ बसवावयाचा असे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांताच्या आणि नंतर मध्य प्रदेशाच्या प्रशासनात होता. तेथील पटवाऱ्याचा गावनकाशा सोळा इंचास एक मैल या प्रमाणाचा, तर जलाशयाचे सर्वेक्षण दशमान पद्धतीत. या दोहोंच्या मिलाफातून आपल्या शेताचा किती भाग पाण्याखाली जाणार हे काढणे ही मोजणी खात्याच्या कर्मचाऱ्याची विद्या होती, आणि शेतकऱ्याला मिळे तो तिचा निष्कर्ष, एक आकडा.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने या बाबतीत शांतपणे मोठा बदल केला. माहितीच्या व्याख्येत ई-मेल आणि प्रतिकृती यांचा उल्लेख आला. अभिलेखाच्या व्याख्येत सूक्ष्मपटावरील प्रतिमांची, मोठ्या केलेल्या असोत वा नसोत, पुनर्निर्मिती समाविष्ट झाली. आणि माहिती डिस्केट, फ्लॉपी किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक माध्यमात मिळविण्याचा हक्क मान्य झाला. त्याआधी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेख आणि अंकीय स्वाक्षरी यांना वैधता दिलेली होतीच. कायद्याच्या दृष्टीने बुडिताच्या रेषेचा आपल्या गावापुरता तुकडा फाईलच्या रूपात मागणे शक्य झाले. मात्र तोपर्यंत या प्रकल्पाचे भूमिपूजन होऊन सतरा वर्षे उलटली होती.

मागता येणे आणि मिळालेले उपयोगी पडणे यांत अंतर राहिले, आणि ते पुन्हा तुकड्याच्या स्वरूपाशी येऊन ठेपते. अर्जदाराला मिळालेल्या छायाप्रतीत चित्र लहान केले असेल आणि आलेखी प्रमाणपट्टी त्यात नसेल, तर ‘१ : ४०००’ हे छापील प्रमाण खोटे ठरते. पट्टीने मोजलेले शेताचे अंतर मग कोणत्याही सुनावणीत टिकत नाही. अंकात लिहिलेल्या प्रमाणाऐवजी पट्टी आखलेली असेल तर ती चित्राबरोबरच लहान-मोठी होते आणि प्रत कितव्याही पिढीची असली तरी मोजमाप शक्य राहते. जुन्या भूमापन नकाशांवर ही पट्टी असे. घाईत टिपलेल्या तुकड्यांवर ती आढळत नाही.

अभ्यासकासमोरील अडचण याहून निराळी आहे. अनुरेखित कापडी चित्रे अभिलेखकक्षात गुंडाळलेली राहतात आणि आवक-जावक नोंदवहीवरून कोणते चित्र कोणाकडे कोणत्या दिवशी गेले ते सांगता येते. ई-मेलने गेलेल्या तुकड्यांची नोंद अधिकाऱ्याच्या पत्रपेटीत असते, आणि बदली, निवृत्ती किंवा पेटीची जागा संपणे यांपैकी काहीही ती पुसून टाकू शकते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अस्तित्वात आहे. त्याखाली कार्यालयीन ई-मेलमधील चित्रे, त्यांच्या सुधारणा क्रमांकांसह, कालानुक्रमे जतन करणे हे काम गोसीखुर्दसारख्या चाळीस वर्षांच्या प्रकल्पापासून सुरू करता येईल. त्यासाठी प्रथम लागेल ती प्रत्येक विभागीय कार्यालयातील चित्रक्रमांकांची यादी, आणि त्या यादीसमोर फाईल कोठे आहे हे सांगणारा एक रकाना.