फेसबुकवरचे फोटो, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली संमती

गेल्या गणेशोत्सवातल्या बालनाट्याचे फोटो मंडळाच्या फेसबुक पानावर मीच चढवले होते. प्रत्येक मुलाचे नाव, इयत्ता, शाळा, सगळे खाली व्यवस्थित लिहिले. बँकेतल्या नोकरीमुळे तपशील अर्धवट ठेवायची सवय नाही. आठवड्याभरात एका सभासद भगिनींचा फोन आला. "काका, आमच्या मुलाचा फोटो काढाल का? आम्हाला कोणी विचारलं नव्हतं." फोटो लगेच काढला, पण मन खट्टू झाले. ग्राहकाच्या सहीशिवाय मी कधी खात्यावरचा पत्तासुद्धा बदलला नाही, आणि इथे तीसेक मुलांची माहिती न विचारता चव्हाट्यावर मांडली. त्यानंतर या विषयावर जे वाचले, ते सभासदांसाठी एकत्र करून देत आहे.

आधी मूळ गोष्ट. चॅटजीपीटी, मेटा एआय, ग्रोक यांसारखी यंत्रे लिहायला-बोलायला शिकतात ती माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावरून आणि चित्रांवरून. यालाच प्रशिक्षण म्हणतात. हा कच्चा माल बराचसा इंटरनेटवरून येतो. 'कॉमन क्रॉल' नावाची एक संस्था जगभरच्या खुल्या वेबपानांच्या प्रती वर्षानुवर्षे साठवत आली आहे, आणि २०२० साली आलेल्या जीपीटी-३ च्या प्रशिक्षणात त्या साठ्याचा वाटा सर्वांत मोठा होता. समाजमाध्यमे चालवणाऱ्या कंपन्यांना तर बाहेर जायचीही गरज नाही. माल त्यांच्याच कोठारात आहे.

मेटा, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी, सांगते की ती प्रौढांच्या 'पब्लिक' पोस्ट, फोटो आणि प्रतिक्रिया यासाठी वापरते, खासगी संदेश वापरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सेनेट समितीपुढे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी मान्य केले की खाते खासगी केलेले नसेल, तर थेट २००७ पासूनचा मजकूर यात आला आहे. त्याच महिन्यात लिंक्डइनच्या सभासदांच्या लक्षात आले की त्यांची माहिती प्रशिक्षणाला देण्याचे बटण कंपनीने आधीच चालू करून ठेवले आहे. ट्विटरचे, म्हणजे आताच्या एक्सचे, ग्रोकसाठीचे बटणही तसेच चालू सापडले होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर अर्जावर बरोबरची खूण बँकेनेच करायची आणि ग्राहकाला नको असेल तर त्याने शाखेत येऊन खोडायची.

याबाबत युरोप आणि आपण यांच्यात फरक आहे. जर्मनीत स्थायिक झालेल्या माझ्या भाचीला मेटाकडून सूचना आली, सोबत हरकत नोंदवायचा अर्जही. मला इंदुरात तसे काही आले नाही. कारण तिथला कायदा. जून २०२४ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने हस्तक्षेप केल्यावर मेटाला युरोपातले प्रशिक्षण थांबवावे लागले. पुढे मे २०२५ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला आणि त्याच महिनाअखेर ते सुरू झाले, पण हरकतीची सोय ठेवूनच. ब्राझीलनेही जुलै २०२४ मध्ये काही आठवडे बंदी घातली होती. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर या कंपन्या थांबतात.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने, म्हणजे मे २०२७. कायद्यातली संमतीची व्याख्या वाचून मला समाधान वाटले. संमती मुक्त, नेमक्या कारणासाठी, समजून-उमजून, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. आधीच केलेली खूण यात बसत नाही. ती मागणारी सूचना आपण म्हणू तर मराठीतही मिळायला हवी, कारण आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांचा पर्याय दिला आहे. आणि संमती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

पण कलम ३ मध्ये मेख आहे. व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. कायद्यातच उदाहरण आहे: ब्लॉग लिहिताना एखादीने आपली माहिती समाजमाध्यमावर खुली केली, तर या तरतुदी नाहीत. म्हणजे आपल्यापुरते बोलायचे तर ते 'पब्लिक' नावाचे छोटे बटण हीच आपली सही. पुढे कोणी विचारायला येणार नाही.

याच कलमाची दुसरी बाजू मात्र मंडळाने नीट वाचावी. सूट आहे ती 'स्वतः' जाहीर केलेल्या माहितीला. मुलाचा फोटो मी चढवला, मुलाने नाही. घरगुती वापराची सवलत आहे, पण ती व्यक्तीला, संस्थेला नव्हे. आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक जण कायद्याने बालक, त्याच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. माझ्या समजुतीप्रमाणे आपले मंडळ यातून सुटत नाही. मी वकील नाही, कार्यकारिणीने एकदा वकिलांचे मत घ्यावे.

फोटोंपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती वधू-वर सूचीची. जन्मतारीख, जन्मवेळ, गोत्र, पगार, वडिलांचा मोबाईल क्रमांक, सगळे एका उघड्या पीडीएफमध्ये. संकेतस्थळावर 'माहिती उचलू नये' अशी तांत्रिक पाटी लावता येते, पण ती विनंती आहे, कुलूप नव्हे. शिवाय एकदा प्रशिक्षणात गेलेली माहिती परत निघणे जवळजवळ अशक्य. पुरण शिजल्यावर गूळ वेगळा काढा म्हणण्यासारखे आहे ते. लिंक्डइन स्वतःच सांगते की बटण बंद केल्याने आधी झालेले प्रशिक्षण बदलत नाही.

घरी करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये जुन्या पोस्ट एकदम 'फ्रेंड्स'पुरत्या मर्यादित करता येतात. इन्स्टाग्रामचे खाते 'प्रायव्हेट' करावे. लिंक्डइनमध्ये 'डेटा प्रायव्हसी'खाली आणि एक्सवर 'प्रायव्हसी अँड सेफ्टी'खाली ते बटण आहे, नातवंडांकडून बंद करून घ्या. व्हॉट्सॲपवरचे आपले आपसातले संदेश कुलूपबंद असतात, पण मेटा एआयला विचारलेला प्रश्न कंपनीपर्यंत जातो. रक्तचाचणीचा अहवाल तिथे टाकून अर्थ विचारणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून सांगितले. मात्र तुम्ही कितीही बंदोबस्त केला, तरी दुसऱ्याने तुमचा फोटो खुल्या पानावर टाकला की तो खुलाच.

म्हणून मंडळाचे फोटो यापुढे पानाऐवजी सभासदांच्या बंद गटात टाकावेत, मुलांची नावे लिहू नयेत, आणि वधू-वर सूची नोंदणी केलेल्यांनाच पासवर्डने उघडावी, असे पत्र मी सचिवांना दिले आहे. बालनाट्याच्या नोंदणी अर्जाचा नवा मसुदाही सोबत जोडला आहे. त्यात फोटोच्या परवानगीचा रकाना आहे, रिकामा. खूण पालकांनीच करायची.