सशाच्या आतड्यातलं धुवण

बाह्या वर सारा. पंखा फिरतोय, पण वारा अंगाला लागत नाही. १९५० चं दशक संपत आलंय आणि तुम्ही कलकत्त्यात, डॉ. शंभूनाथ डे यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे आहात. बाहेर ट्रामची घंटा आणि हातरिक्षांची वर्दळ. आत स्पिरिट आणि सशांचे पिंजरे, दोघांचा मिळून एक कोंदट वास. घामाचा ओघळ मानेवरून थेट पाठीत उतरतो.

पटकीच्या वॉर्डातून आलात ना? मग फिनेलला न जुमानणारा तो माशासारखा वास अजून नाकात असेल. खोल गेलेले डोळे, दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली बोटं, घोगऱ्या आवाजात एकच मागणी, ‘जोल, जोल’. आणि खाटेखालच्या बादलीत तांदळाच्या धुवणासारखं पाणी.

आता टेबलाजवळ सरका. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधलाय. त्यात सुईने सोडतात तो द्राव नितळ आहे. पटकीचे जंतू त्यात वाढले होते, पण तो इतका बारीक गाळलाय की एकही जंतू उरलेला नाही. बोट मात्र लावू नका!

उद्या पुन्हा या. बघा, बांधलेला भाग टम्म फुगलाय आणि आत तेच धुवण. जंतू नसतानाही! म्हणजे माणसाला सुकवतं ते जंतूने मागे सोडलेलं विष. दोरा, ससा आणि गाळणी. इतका देखणा प्रयोग मी क्वचितच पाहिलाय. १९५९ मध्ये तो ‘नेचर’मध्ये छापून आला. डे यांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडा मान आला, याची चुटपुट मला आजही लागते.

आता काही दशकं पुढे उडी मारा. अंगावर थंडगार एसी, समोर उंदरांचे पिंजरे. पोटात येणाऱ्या प्रत्येक घासाशी भांडायचं नाही, ही आतड्याची सवय. म्हणून गिळलेली लसही ते निमूट सोडून देतं. तिच्यात पटकीचं हेच विष किंचित मिसळा, आतडं खडबडून जागं होतं. नाकातोंडावाटे द्यायच्या, हर्पीज सिम्प्लेक्स या विषाणूवरच्या लसींसाठी संशोधक नेमका हाच साथीदार तपासू लागले. पण माणसाला ५ मायक्रोग्रॅम विष पाजलं तरी जुलाब लागतात. म्हणून त्याचे विषारी दात पाडून, जाग आणणारा गुण तेवढा ठेवायचा खटाटोप चाललाय.

हर्पीज सिम्प्लेक्सवर मान्यता मिळालेली लस अजून एकही नाही.