सामना कोणाच्या मालकीचा?

सामना पाहावयाचा तर पैसे मोजा, ही तक्रार आमच्या परभणीकरांच्या तोंडी आज आहे. पण ती नवी नव्हे. रेडिओसही एके काळी परवाना लागे, तो 1980 च्या दशकात सुटला. मात्र हॉटेलातल्या एका रेडिओवर निम्मा बाजार कॉमेंट्री ऐके, हे जाणते श्रोते कबूल करतील!

खरा तंटा उभा राहिला तो 1993 साली. हीरो चषकाचे प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीस दिले आणि सरकार आडवे आले. फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आकाशातील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तीवर सरकारचीही मक्तेदारी नाही. या निकालाला आम्ही फार मोठे मानतो. पुढे 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खाजगी वाहिन्यांस भाग पडले. आयपीएल त्या यादीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

2017 साली न्यायालयाने आणखी ठरविले की, असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून व फ्री डिशवरून दाखवावे. केबलवाल्यास ते देऊ नये. गंमत अशी की, ज्याने एकदाच खर्च करून छपरावर तबकडी बसविली त्या जिंतूरच्या शेतकऱ्यास सामना फुकट, आणि दरमहा केबलचे पैसे भरणाऱ्या शहरवासीयास दूरदर्शनवरचा तोच सामना बंद! 2023 च्या विश्वचषकात हॉटस्टारने मोबाईलवर सामने विनाशुल्क दाखविले, तेव्हा हा शहरवासीही सुटला; डेटाचे पैसे तेवढे निराळे.