शर्यतीची गाडी, घरचा रस्ता

मध्यरात्रीनंतर पाम बीच मार्गावर काय चालते, हे नवी मुंबईकरांना सांगावयास नको. एका बाजूस खारफुटी, दुसऱ्या बाजूस झोपलेले नेरुळ, आणि मधल्या रुंद रस्त्यावर इंजिनांचा गजर. त्या मुलांच्या स्वप्नातली गाडी बहुधा एकच असते : सर्किटसाठी घडवलेली आणि तरीही नंबरप्लेट मिळालेली. सामान्य चालकाला तिचा उपयोग काय? या प्रश्नाला इतिहास आहे, म्हणून आजचा धागा.

सुरुवात 1972 मध्ये, एका नियमातून होते. त्या काळच्या शर्यतींच्या ‘ग्रुप 4’ वर्गात उतरावयाचे, तर कारखान्याने त्या नमुन्याच्या किमान 500 गाड्या बनविणे सक्तीचे होते. म्हणून पोर्शने ‘911 करेरा आरएस 2.7’ काढली. 210 अश्वशक्ती, मागे बदकाच्या शेपटीसारखा उंचावलेला पत्रा. इतक्या गाड्या घेणार कोण, अशी शंका विक्री विभागालाच होती. प्रत्यक्षात सुमारे 1,580 खपल्या.

आता यातली गंमत पाहा. वजन घटविण्यासाठी मागची आसने, गालिचे, घड्याळसुद्धा काढून टाकलेली ‘स्पोर्ट’ आवृत्ती जेमतेम 200 जणांनी घेतली. सुमारे 1,300 ग्राहकांनी हे सारे परत बसविलेली ‘टूरिंग’ पसंत केली. त्यांना शर्यतीचे नाव हवे होते, पण कार्यालयात जाताना पाठ दुखावयास नको होती. मला यात ढोंग दिसत नाही, व्यवहार दिसतो.

पुढच्या 50 वर्षांत मात्र ही तडजोड अवघड होत गेली. 2022 ची ‘911 जीटी3 आरएस’ घ्या. पुढच्या डिकीची जागा रेडिएटरने व्यापली आहे, म्हणजे बॅग ठेवण्याची सोय गेली. पंखांमुळे हवा गाडीला खाली दाबते : ताशी 200 किलोमीटरला 409 किलो, 285 ला 860 किलो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ताशी 100 ला तो ढोबळमानाने 100 किलोच उरतो. आणि कळंबोलीहून सुटणारा पुणे द्रुतगती मार्ग असो वा 2024 चा अटल सेतू, मोटारींना कमाल मर्यादा ताशी 100 चीच. ज्यासाठी पैसे मोजले, तो गुण कायद्यात राहून अनुभवताच येत नाही. गतिरोधकांवर ओठ घासला जाईल तो वेगळाच.

‘सर्किटवर नेऊ की!’ असे कोणी म्हणेल. अवश्य. पण चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टै, कोइंबतूरचे कारी, ग्रेटर नोएडाचे बुद्ध, ही तिन्ही नावाजलेली सर्किटे येथून हजार किलोमीटरहून दूर आहेत. गाडी ट्रकवर लादून तेथे नेणारा, टायरांचे संच बाळगणारा माणूस असेल, तर त्याने ती खुशाल घ्यावी. त्याला सामान्य चालक म्हणता येणार नाही, इतकेच.

याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग आपल्या शेजारी, गोव्यात झाला होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेथे ‘सॅन स्टॉर्म’ तयार झाली : दोन आसने, फायबरग्लासचे हलके अंग, रेनॉचे 1,149 सीसीचे इंजिन, सुमारे 60 अश्वशक्ती. आकडे ऐकून आजची मुले हसतील. तेव्हाही ती फारशी खपली नाही. परंतु ताशी 60 च्या वेगातही चालकाला आनंद मिळावा, हा विचार तिच्यामागे होता, आणि आपल्या रस्त्यांना तोच मानवणारा होता. जुन्या मोटारींच्या एखाद्या मेळाव्यात ती दिसली, तर थांबून जरूर पाहा.