नोसेमाची साथ आणि कार्ल फॉन फ्रिश यांची प्राध्यापकी

जानेवारी १९४१. म्युनिक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संस्थेचे संचालक कार्ल फॉन फ्रिश यांच्या हाती शिक्षण मंत्रालयाचे एक पत्र पडले. त्यांच्या आईची आई ज्यू घराण्यात जन्मली होती. सबब नाझी कायद्यानुसार ते ‘दुसऱ्या श्रेणीचे मिश्रवंशीय’ ठरत होते आणि त्यांना सक्तीने निवृत्त केले जाणार होते. त्या वेळी त्यांचे वय ५४ होते आणि मधमाश्यांवरील त्यांच्या कामाला तीन दशके होत आली होती.

या कामाची सुरुवात एका वादातून झाली. मधमाशीला रंग दिसत नाहीत, असे म्युनिकचे ख्यातनाम नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस ठामपणे सांगत. तरुण फ्रिश यांना हे पटेना. रंग दिसतच नसतील, तर फुलांनी इतके नटावे कोणासाठी? त्यांनी टेबलावर करड्या रंगाच्या फिकट-गडद छटांचे अनेक चौकोन मांडले, त्यांत एकच निळा ठेवला आणि निळ्यावर साखरपाण्याची वाटी ठेवून माश्यांना सवय लावली. पुढे वाटी रिकामी ठेवली, चौकोनांच्या जागा बदलल्या, तरी माश्या निळ्यावरच उतरत. केवळ उजेड-अंधारच कळत असता, तर एखाद्या करड्या चौकोनाशी त्यांची गल्लत व्हायलाच हवी होती. लाल रंगाची मात्र त्या गडद करड्याशी गल्लत करीत. तांबडा त्यांना खरोखरच दिसत नाही. हे सारे १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाला लागले काय, तर पुठ्ठा, काचेची वाटी आणि साखर.

१९१९ मध्ये काचेच्या पोळ्यात त्यांना माश्यांचे नृत्य दिसले. खाद्य सापडलेली माशी परतल्यावर पोळ्यावर गोल गोल फिरते किंवा पोट हलवीत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे घेते. गोल नाच मकरंदासाठी आणि दुसरा परागासाठी, असा अर्थ फ्रिश यांनी लावला. तो चुकीचा होता आणि जवळजवळ पंचवीस वर्षे तसाच टिकला. कारण साधे होते. साखरपाण्याची वाटी ते पोळ्याच्या जवळच ठेवीत, तर पराग आणणाऱ्या माश्या लांबून येत. फरक अन्नाचा नसून अंतराचा होता.

१९३३ नंतर संस्थेतील वारे बदलले. फ्रिश ज्यू सहायकांना आश्रय देतात, अशा तक्रारी विद्यापीठातील नाझी मंडळी वर पाठवू लागली. येथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी. फ्रिश नाझी नव्हते, तरी १९३६ च्या आपल्या लोकप्रिय जीवशास्त्राच्या पुस्तकात त्यांनी सुप्रजननशास्त्राला अनुकूल असा मजकूर लिहिला होता. पाचच वर्षांनी त्याच विचाराच्या पोटातून निघालेली मोजपट्टी त्यांच्या आजीला लावली गेली.

त्यांना वाचवले ते एका रोगाने. नोसेमा हा अतिसूक्ष्म परोपजीवी मधमाशीच्या आतड्यात वाढतो. माश्यांना हगवण लागते, उडण्याचे बळ जाते आणि हिवाळा सरता सरता वसाहतीच्या वसाहती मरून पडतात. युद्धाच्या त्या वर्षांत जर्मनीतील लाखो पोळी या साथीत गेली. प्रश्न केवळ मधाचा नव्हता. फळबागा, तेलबिया, चाऱ्याच्या गवताचे बियाणे, सारे माश्यांच्या परागीभवनावर अवलंबून होते आणि देशात शिधापत्रिका सुरू होत्या. फ्रिश यांच्या स्नेह्यांनी नेमका हाच धागा पकडला. मानवतेचा युक्तिवाद त्या दरबारी चालला नसता; धान्याचा चालला. अन्न मंत्रालयाने नोसेमाचे संशोधन त्यांच्याकडे सोपवले आणि १९४२ मध्ये निवृत्तीचा निर्णय ‘युद्ध संपेपर्यंत’ पुढे ढकलला गेला. रद्द मात्र झाला नाही. ज्यांच्या विषयाला पिकांशी देणेघेणे नव्हते, अशा कित्येकांना ही सवलतही मिळाली नाही.

नोसेमावर अक्सीर इलाज हाती लागला नाही. जोडीला दुसरे काम आले: माश्यांना हव्या त्या पिकाकडे वळवणे. लाल क्लोव्हरची फुले साखरपाण्यात भिजवून ते पाणी पोळ्याला पाजायचे. माश्या नाचतात, सोबतिणींना तो गंध कळतो आणि त्या क्लोव्हरचे शेत हुडकतात. दिसायला क्षुल्लक अशी ही युक्ती नृत्याच्या अभ्यासाकडे परत नेणारी ठरली.

जुलै १९४४ च्या बॉम्बवर्षावात फ्रिश यांचे म्युनिकमधील घर उद्ध्वस्त झाले. ते ऑस्ट्रियातील वोल्फगांग सरोवराकाठच्या ब्रुनविंकल या कुटुंबाच्या उन्हाळी मुक्कामी गेले. तेथे ऑगस्टमध्ये खाद्य पोळ्यापासून दूर ठेवले आणि जुना अर्थ कोसळला. अंतर वाढते तशी वळणे मंदावतात: १०० मीटरवर १५ सेकंदांत नऊ-दहा, तर १००० मीटरवर चार-पाच. पुढच्या उन्हाळ्यात, युद्ध संपल्यावर, दिशाही उलगडली. अंधाऱ्या पोळ्याच्या उभ्या भिंतीवर ‘सरळ वर’ म्हणजे ‘सूर्याकडे’. उभ्या रेषेपासून साठ अंश डावीकडे म्हणजे सूर्याच्या साठ अंश डावीकडे. १९७३ चे नोबेल पारितोषिक लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्याबरोबर मिळाले, त्यामागे मुख्यतः हे काम होते.

रशियन आघाडीवर जखमी होऊन आलेला मार्टिन लिंडाउअर हा तरुण सैनिक १९४३ मध्ये डॉक्टरांच्या सांगण्यावरून फ्रिश यांच्या व्याख्यानाला बसला आणि पुढे त्यांचा शिष्य झाला. पन्नाशीच्या दशकात तो सिलोनला गेला, तो आपल्याकडे सातेरी, आग्या आणि फुलोरी म्हणतात त्या माश्यांचे नाच पाहण्यासाठी. झुडपात एकच छोटे उघडे पोळे बांधणारी फुलोरी पोळ्याच्या सपाट माथ्यावर उन्हात नाचते, असे त्याला दिसले. तिला सूर्याचे भाषांतर उभ्या रेषेत करावे लागत नाही. ती थेट फुलांच्या दिशेनेच धावते.