‘माझी ठेव’ : नव्या करारातील एका ग्रीक पदबंधाचा अर्थ, व्याकरण आणि मराठी भाषांतर

प्रस्तावना :
मराठी बायबल भाषांतराला दोनशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला नवा करार बंगालमधील सेरामपूर येथे १८११ मध्ये छापला गेला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगाव येथून प्रसिद्ध झाले. या परंपरेपुढील एक अवघड स्थळ म्हणजे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील (१:१२) ‘पाराथेके’ हा शब्द होय. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार केला आहे.

व्याकरणिक विवेचन :
‘पाराथेके’ म्हणजे विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली वस्तू. येथे त्याला ‘मू’ (माझी) हे षष्ठीचे रूप जोडलेले आहे. त्यामुळे पौलाने देवाकडे सोपविलेली ठेव आणि देवाने पौलाकडे सोपविलेली ठेव, असे दोन अर्थ संभवतात. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने पहिला, तर १९४६ च्या सुधारित आवृत्तीने दुसरा अर्थ स्वीकारला. नव्या करारात हा शब्द आणखी दोनच ठिकाणी येतो (१ तीमथ्य ६:२०, २ तीमथ्य १:१४). तेथे ठेव सांभाळण्याची आज्ञा तीमथ्याला आहे व क्रियापदही तेच आहे; यामुळे दुसऱ्या अर्थाला बळ मिळते. मात्र त्या दोन्ही ठिकाणी ‘माझी’ हे पद नाही. शिवाय बाराव्या वचनात रक्षणकर्ता देव आहे. ही बाब पहिल्या अर्थाला अनुकूल ठरते.

भारतीय संदर्भ :
ठेवीची संकल्पना दख्खनला नवीन नव्हती. उदगीरच्या शेजारच्या बीदर जिल्ह्यातील कल्याणी (आजचे बसवकल्याण) येथे, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. त्या स्मृतीत ‘उपनिधी’चे स्वतंत्र प्रकरण आहे. आत काय आहे हे न सांगता पेटीत बंद करून दुसऱ्याच्या हाती दिलेले द्रव्य म्हणजे उपनिधी. ते जसेच्या तसे परत करावयाचे असते. विशेष म्हणजे ‘उपनिधी’तील ‘धा’ धातू व ‘पाराथेके’तील ग्रीक धातू यांचे मूळ एकच असून, दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ ‘जवळ ठेवणे’ असाच आहे.

निष्कर्ष :
प्रचलित मराठी बायबलमध्ये या ठिकाणी ‘ठेव’ हा शब्द योजलेला आहे. पतसंस्थेतील ‘माझी ठेव’ म्हणजे आपण दिलेली, तर ‘पूर्वजांची ठेव’ म्हणजे आपणांस मिळालेली. त्यामुळे मूळची द्व्यर्थता मराठीत टिकून राहते. शिवाय मराठीत विश्वासही ‘ठेवला’ जातो. त्यामुळे याच वचनातील विश्वास व ठेव यांचा संबंध येथे ग्रीकपेक्षाही स्पष्ट होतो. इंग्रजी भाषांतरकारांनी दोहोंपैकी एक अर्थ निवडून वाचकाचा निर्णय आधीच केला. मराठी भाषांतराने मात्र मजकूर उपनिधीप्रमाणे न उघडता वाचकाच्या स्वाधीन केला, हे त्याचे महत्त्व होय.